न वाजलेला गंधार

माझे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात चूक व्हायला लागली. मग स्वयंपाकघरातली पाल चुकचुकायची थांबली आणि मी मनात म्हटलं, गेली एकदाची. पाल कुठेही गेली नव्हती. हेमंतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दाखवली तेव्हा ती घड्याळामागून माझ्याकडेच बघत होती.

साठी ओलांडली की गुडघे जातात, दात जातात, आणि लोक त्याबद्दल लग्नकार्यात मोकळेपणाने बोलतात. पण मी मिरजेत एकेचाळीस वर्षं गाणं शिकवते आहे. गाणं शिकवणाऱ्या बाईला ऐकू येत नाही, ही बातमी बाहेर गेली असती तर दुसऱ्या दिवसापासून क्लासात सतरंजी घालायची गरज उरली नसती. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. हेमंतला सांगितलं, तेही त्याने पाल दाखवली म्हणून.

नेमकं काय जात होतं, ते मला इतरांपेक्षा जरा जास्त कळत होतं. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मी नादाचे तीन गुण सांगते. उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. सेकंदाला कंपनं किती होतात त्यावर स्वर उंच की खालचा ते ठरतं, कंपन किती जोराचं त्यावर मोठा की लहान. आणि त्याच उंचीचा, तेवढाच मोठा सा बासरीचा आहे की तंबोऱ्याचा की शेजारच्या वहिनींचा, हे ज्यावरून ओळखू येतं ती नादाची जात. ती ठरते सोबत्यांवरून. कुठलाच स्वर एकटा येत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक स्वर त्याच्याबरोबर आपोआप उमटतात, त्यांना सहायक नाद म्हणतात. तंबोऱ्याची खर्जाची तार षड्जात मिळवलेली असते, पण तिच्यातला पाचपट कंपनांचा नाद गंधाराचा असतो. गंधार कुणी छेडलेला नसतो. तरी तंबोरा चांगला लागला असेल तर तो खोलीभर ऐकू येतो, आणि त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो.

म्हातारपणी कान वरून रिकामा होत येतो. बारीक, उंच सहायक नाद आधी जातात. स्वर कुठला ते कळतं, मोठा की लहान ते कळतं, जात मात्र कळत नाही. सगळं जग गोधडीत तोंड घालून बोलतंय असं वाटतं. त्यात माझ्या तंबोऱ्यातला गंधार गेला तेव्हा मी देवापुढे बसून रडले. जुनी श्रवणयंत्रं आवाज नुसता मोठा करायची. गोधडीतला माणूस आणखी जोराने ओरडायला लागला, एवढाच फरक.

सांगलीच्या डॉ. इनामदारांनी मला मणी दिला. बारीक कडीत बसवलेला, तुरीच्या दाण्याएवढा, कानात खोल बसणारा, बाहेरून न दिसणारा. शेवटचा गुण मला सगळ्यात आवडला.

"वरच्या स्वरांच्या पेशी मेल्यात तुमच्या," त्या म्हणाल्या. "त्यांना कितीही हाका मारल्या तरी त्या उठणार नाहीत. पण मागची नस शाबूत आहे. मणी बाहेरचा आवाज ऐकतो, मूळ स्वर ओळखतो, त्यावर कुठले सहायक नाद असायला हवेत त्याचा अंदाज करतो आणि तेवढे बारीक विजेच्या ठोक्यांनी नसेला कळवतो."

"अंदाज कशावरून करतो?"

"लाखो आवाज ऐकून तयार झालाय. पुढचं तुमच्याकडून शिकेल. आवाज ओळखीचा, मनासारखा लागला की मेंदूत एक लहर उठते. ती मण्याला कानातूनच कळते. लहर उठली की तो समजतो, बरोबर भरलं."

"आणि चुकला तर?"

"दोन-तीन महिन्यांत चुकायचा थांबतो."

हे ऐकून मी निर्धास्त झाले. खरं तर घाबरायला हवं होतं ते याच वाक्याला.

पहिल्या आठवड्यात गंधार परत आला. महिन्याभरात नवरा परत आला. हेमंतचा आवाज लग्नाच्या वेळी भरदार होता, पुढे पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं कंत्राटदारांशी भांडून त्याची पार रया गेली होती. आता तो "चहा टाकतेस का" म्हणाला तरी मी हातातलं काम ठेवून ऐकत राहायची. एकदा मी त्याला सगळा पेपर मोठ्याने वाचायला लावला, अगदी बाजारभावांसकट.

"बरी आहेस ना?" त्याने विचारलं.

"वाच पुढे," मी म्हटलं.

तेव्हा जुलै होता. तनुजा मगदूम माझ्याकडे येऊन चार वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांची, कुपवाडची, वडील ओतकामाच्या कारखान्यात. ती पेटीच्या काळी चार पट्टीत गाते. एकेचाळीस वर्षांत मला असा आवाज एकच मिळाला, आणि शिक्षकाला एकच मिळाला तरी तो नशीबवान. जानेवारीत पुण्याला एका मोठ्या शिष्यवृत्तीची चाचणी होती. पाच वर्षांची सोय आणि मोठ्या गुरूंकडे राहून शिक्षण. मी तिला सकाळी सहाला खर्जाच्या रियाजाला बसवायची आणि दुपारी चारला पुन्हा तारसप्तकातल्या तानांना. "आवाज टाक, चोरू नकोस," असं मी दिवसातून वीस वेळा म्हणत असेन.

ऑक्टोबरात ती एकदा तंबोरा खाली ठेवून म्हणाली, "बाई, घसा खरखरतोय. दोन दिवस थांबू का?"

"गा बघू."

ती गायली. आवाज जुलैत होता तसाच, धुतल्या तांदळासारखा.

"कुठे खरखरतोय? चाचणी जवळ आली की सगळ्यांना असंच वाटतं. मनाचे खेळ असतात."

"आई म्हणत होती डॉक्टरांना दाखवू."

"डॉक्टर गाऊच नको म्हणतील. त्यांचं काय जातंय?"

"बरं बाई," ती म्हणाली आणि तंबोरा उचलला. आमच्यात बाईंनी ठीक म्हटलं की ठीकच असतं. मीही माझ्या गुरूंपुढे ताप अंगावर घेऊन गायले आहे आणि ती गोष्ट अभिमानाने शंभर वेळा सांगितली आहे, तनुजालासुद्धा.

नोव्हेंबरात शेजारच्या लतावहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "साहेबांचा घसा फारच बसलाय हो. काढा देताय ना?"

मला काही कळेना. घरात येऊन मी हेमंतला विचारलं, "तुझा घसा बसलाय?"

"चार दिवस झाले," तो मखमली आवाजात म्हणाला. "तू विचारलंही नाहीस. म्हटलं, रागावली असशील."

मी स्वयंपाकघरात गेले आणि लोणच्याच्या बरणीवर टिचकी मारली. मडकं काय, बरणी काय, अखंड असेल तर खणखणीत वाजते, तडा असेल तर बद्द. ती खणखणीत वाजली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात हेमंत पाणी प्यायला आत आला आणि म्हणाला, "ही कशाला ठेवलीस? केव्हाची तडकलीय. ऐक, किती बद्द बोलतेय."

त्याने टिचकी मारली. मला पुन्हा खणखणीतच ऐकू आलं.

त्याच दिवशी मी सांगलीला जायला हवं होतं. नाही गेले. चाचणीला सात आठवडे राहिले होते आणि मणी काढला तर मी तिला शिकवणार कशी? मी स्वतःला समजावलं की बरणी वेगळी आणि गळा वेगळा, मण्याला बरण्या कुठे माहीत आहेत. पुढचे दिवस मात्र मी तनुजाकडे कान देण्याऐवजी डोळे देऊ लागले. ती आवंढा गिळताना मान किंचित वाकडी करायची. तिच्याजवळ कोमट पाण्याची बाटली असायची, पूर्वी नसायची. मी बघायची, मग ती गायची, आणि सगळं इतकं सुंदर असायचं की मी मान डोलवायची.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी इलाहीभाई तंबोऱ्याची जवारी काढायला आले. ते इथले जुने कारागीर, वय सत्तरीचं, माझा तंबोरा त्यांच्या वडिलांनी केलेला. जवारीचं काम नाजूक असतं. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा केसभर घासायचा आणि मग प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी आला की तार घोडीला हलकेच चाटत राहते, सहायक नाद उमलतात आणि तंबोरा बोलायला लागतो. दोऱ्याशिवाय तो मुका.

मी आत चहा करत होते. बाहेर त्यांनी तार छेडली. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "इलाहीभाई, तुमचा हात लागला की झालं. काय गंधार बोलतोय. आता आणखी घासू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तंबोऱ्याकडे.

"थट्टा करताय व्हय बाई?"

"थट्टा कसली?"

"आवं, अजून निम्मी घोडी घासायची हाय. बद्द बोलतीय तार. गंधार कुठला आणायचा?" त्यांनी मूठ उघडून दाखवली. चारही दोरे त्यांच्या तळहातावर होते.

"पुन्हा छेडा," मी म्हटलं.

त्यांनी छेडली. गंधार होता. मी त्यांना खर्जाच्या तारेखाली फडक्याची घडी घालायला लावली. ते नाखुशीनेच तयार झाले. तार छेडताना ती फडक्यात जागच्या जागी मेलेली मला डोळ्यांनी दिसली. आणि कानात गंधार तसाच, लांबवर जाणारा, देवघरातल्या घंटेसारखा स्वच्छ.

मी खाली बसले. माझा हात आपोआप कानाकडे गेला आणि मी मणी काढून बशीत ठेवला. इलाहीभाई त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान फिरवून फाटकाकडे बघितलं, म्हणून मला कळलं की तनुजा आली आहे. चार वाजले होते.

"सा लाव," मी तिला म्हटलं. "मग तारसप्तकात जा."

तिने तंबोऱ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं आणि काही न विचारता गायला लागली. मला गोधडीतून गाणं ऐकू आलं. सा साच होता. बाकी त्या आवाजाची जात काय, तो स्वच्छ की फाटका, मला काहीही कळत नव्हतं. मण्याने ऐकावं तर तो खोटं सांगणार, आणि मण्याशिवाय मला ऐकूच येणार नाही. मी इलाहीभाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी घासणं थांबवलं होतं आणि नजर खाली होती.

"इलाहीभाई, आवाज कसा आहे?"

"म्या काय सांगावं बाई? ते तुम्ही सांगायचं."

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

तनुजा गायची थांबली.

"पोरीचा आवाज फाटलाय बाई," इलाहीभाई शेवटी म्हणाले. "दिवाळीच्या आदी तार बदलायला आलतो, तवापासनं. वर गेली की एका वक्ताला दोन-दोन आवाज येत्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मान डोलवत हुता. म्हटलं, आसंल कायतरी गायकीतलं. म्या लाकूड घासणारा मानूस."

हेमंत दारात उभा होता. तो म्हणाला, "मलाही वाटलं, या रागात तसंच असत असेल."

मी तनुजाकडे वळले. ती रडत असेल असं वाटलं होतं. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघणं जास्त कठीण होतं.

"म्हणजे खरंच खरखरत होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझेच कान खराब झालेत."

दुसऱ्या दिवशी घशाच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी आणि डाव्या बाजूला रक्त साकळलेलं. तीन महिने पूर्ण मौन, मग व्यायाम, मग बघू. तारसप्तक परत येईल का, या प्रश्नाला त्यांनी "बघू" एवढंच म्हटलं. शिष्यवृत्तीचा विषय संपला. तनुजाची आई बाहेर बाकावर बसली होती. मी हात जोडले तर ती म्हणाली, "तिनं सांगितलंतं मला, घसा दुखतोय म्हणून. तुम्ही काही नाही म्हटल्यावर मीच बोलले तिला, बाईंपेक्षा जास्त कळतं का तुला?" मला तिने एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

डॉ. इनामदारांपुढे मी मणी आपटलाच.

"बिघडलाय हा."

त्यांनी तो यंत्राला जोडला, अर्धा तास तपासला आणि म्हणाल्या, "बिघडलेला नाही, हाच प्रश्न आहे. स्वच्छ आवाजात कंपनं एकसारखी येतात. घसा सुजला की ती वेडीवाकडी होतात आणि सहायक नादांच्या मधल्या जागा खरखरीने भरतात. मण्याच्या लेखी खरखर म्हणजे पंख्याची घरघर. तो ती पुसतो आणि तुमच्या मेंदूने पूर्वी ज्याला होकार दिला होता तो आवाज तिथे ठेवतो."

"म्हणजे मी पाच महिने जुलैतली तनुजा ऐकत होते?"

"जवळजवळ."

"आणि माझा नवरा?"

"तुमच्या मेंदूला जो हवा होता तो."

"पुसणं बंद करा."

"करते. पण मग भरणंही बंद होईल. एकाच अंदाजाच्या दोन बाजू आहेत त्या." मग त्या म्हणाल्या, "हे मी आधी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. बाकी सगळे खूश असतात हो."

खूश तर मीही होते. परतीच्या बसमध्ये मी मणी मुठीत धरून बसले होते आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मणी पाच महिन्यांत माझ्याकडून जे शिकला, तेच तनुजा चार वर्षांत शिकली होती. बाईंची मान कशाने डोलते, ते. दोघं मला तेवढंच देत राहिली. मण्याला घसा नव्हता एवढंच. आणि मी आयुष्यभर ज्याला कान तयार करणं म्हणत आले, त्यात मी तिचा स्वतःचा कान मोडून ठेवला होता.

मणी मी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवला. गावात कळायचं ते कळलं, सहा विद्यार्थी गेले. हेमंतचा आवाज पुन्हा गोधडीत गेला. तो मला मोठ्याने पेपर वाचून दाखवतो, मी ओठ बघते, आणि खोटं कशाला सांगू, डबी उघडायची इच्छा मला रोज होते.

मार्चच्या अखेरीस तनुजा आली. तीन महिने ती पाटीवर लिहून बोलत होती, आणि त्या सकाळी डॉक्टरांनी तिला एक स्वर लावायची परवानगी दिली होती. फक्त मधला सा, तोही हलका. इलाहीभाईंना मी मुद्दाम बोलावलं नाही. तंबोरा मांडीवर घेऊन मी तारा छेडायला लागले. दोरे आता नीट बसलेले होते, पण मला गंधार ऐकू आला नाही. भोपळ्याची थरथर तेवढी मांडीला लागत होती.

फळीवर डबी होती. मणी घातला असता तर तनुजाचा सा मला निर्मळ ऐकू आला असता, अगदी जुलैतला. मला तो एकदा ऐकायचा होता. मी तारा जरा जोरात छेडल्या.

तिने सा लावला. आठ-दहा सेकंद. काहीतरी जाड, धुरकट माझ्यापर्यंत आलं आणि संपलं. आणि सवयीप्रमाणे तिने माझ्या मानेकडे बघितलं.

मान डोलायला निघालीच होती. एकेचाळीस वर्षांची सवय ती. मी हनुवटी तंबोऱ्याच्या दांडीला टेकवून ती थांबवली.

"कसा लागला?" मी विचारलं.

तिला प्रश्न कळला नाही. ती माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधत राहिली. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे तिला तिथे काही सापडू नये.

"मला ऐकू आलं नाही, तनुजा. तुला आलंय. तू सांग."

मी तारा छेडत राहिले. मग ती जवळ सरकली, माझ्या कानापाशी आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नाही लागला, बाई. सुरुवातीला नुसती हवा गेली. मग लागला, पण टिकला नाही."

"आता आणखी एकदा लावावा असं वाटतं?"

तिने गळ्यावर हात ठेवला आणि विचार केला.

"आज नको," ती म्हणाली.

माझ्या या खोलीत मला कुणी नको म्हणाल्याचं आठवत नाही. मी तंबोरा खाली ठेवला आणि तिच्यासाठी पाणी कोमट करायला उठले.